ऊन वाढलं म्हणून हवा कमी करू नका

यवतमाळात पारा चाळिशी ओलांडू लागला की पंक्चरच्या दुकानांत एक सल्ला फुकट मिळू लागतो. "ऊन लय तापून राह्यलं साहेब, तीसच ठेवतो. जास्त मारली त फुटते." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि ऐकणाऱ्यालाही ते लगेच पटतं, कारण तापली की हवा फुगते हे आपण शाळेत शिकलेलो असतो. तरीही हा सल्ला चुकीचा आहे. गाडी जितकी वेगाची, तितका तो जास्त धोक्याचा.

यवतमाळ, वणी, पुसदच्या रस्त्यांवर एमएच-२९ची पाटी लावलेल्या, ताकदवान इंजिनाच्या आणि रुंद, बुटक्या टायरच्या गाड्या आता दिसू लागल्या आहेत. फोक्सवॅगनची जीटी, ह्युंदाईची एन लाइन, स्कोडाची आरएस, क्वचित एखादी मस्टँग किंवा पोर्शे. त्यांना पळायला रस्ताही मिळाला आहे. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जात नाही, पण बाभूळगावमार्गे धामणगाव रेल्वे गाठलं की तो लागतो. दारव्हा-दिग्रसची मंडळी कारंज्याहून चढतात, पुसदची शेलूबाजाराहून. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. कारला तिथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. सरळ, सपाट, सिमेंटचा रस्ता आणि तास-दोन तास न बदलणारा वेग. टायरची खरी परीक्षा इथे होते. टायर फुटून होणाऱ्या अपघातांची चर्चा वाढली तेव्हा परिवहन विभागाने महामार्गावर चढण्याच्या ठिकाणीच टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या मागे फिरवल्या. टायरची नक्षी डोळ्यांना दिसते, म्हणून ती तपासणाऱ्याला पकडता येते. हवा दिसत नाही. ती ज्याची त्यानेच पाहायची.

टायर तापतो कशाने, हे आधी समजून घ्या. बाहेरचं ऊन आणि तापलेला रस्ता त्यात भर घालतात, पण मुख्य उष्णता टायरच्या अंगातच तयार होते. टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथे तो दबतो, पुढे सरकला की पुन्हा मोकळा होतो. १८ इंची रिमच्या नेहमीच्या स्पोर्टी टायरचा घेर साधारण दोन मीटर. ताशी १२० किलोमीटरला तो सेकंदाला सोळा-सतरा फेरे घेतो. म्हणजे टायरवरची प्रत्येक जागा तासाभरात जवळपास ६०,००० वेळा दबते आणि सुटते. हवा पुरेशी असेल तर हे दबणं थोडं असतं. हवा कमी असेल तर टायर जास्त चेपतो, रबर आणि आतलं कापड-तार जास्त वाकतं आणि तेवढी उष्णता वाढते. वेग आणखी वाढला तर दबलेला भाग पूर्ववत व्हायच्या आत पुन्हा रस्त्याला टेकतो, टायरवर लाटा उठतात, आणि मग वरचा थर आतल्या पट्ट्यांपासून सुटायला लागतो. आपण ज्याला ‘टायर फुटला’ म्हणतो तो बहुतेक वेळा असा आधी आतून शिजलेला असतो.

आता उन्हात हवा फुगण्याचा हिशेब पाहा. मे महिन्यात पहाटे २८ अंश तापमान असताना तुम्ही टायरमध्ये ३३ पीएसआय हवा भरली. दुपारी समृद्धीवर तासभर धावून टायरच्या आतलं तापमान ६५ अंशांवर गेलं, तर काटा ३९च्या आसपास दाखवेल. ही वाढ पाहून माणूस घाबरतो, पण घाबरण्याचं कारण नाही. टायरच्या बाजूवर कमाल दाब छापलेला असतो, पुष्कळ टायरवर तो ५० किंवा ५१ पीएसआय असतो, आणि तोही थंड टायरचा आकडा आहे. धावताना होणारी वाढ गाडीच्या आणि टायरच्या कंपनीने आधीच हिशेबात धरलेली असते. चांगला टायर त्या वाढीने फुटत नाही.

उलट या वाढीला घाबरून काय होतं ते पाहा. सिंदखेडराजाच्या पुढे कुठेतरी तुम्ही थांबलात, काटा ३९ दिसला आणि कोणीतरी हवा सोडून तो ३३वर आणून दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच टायरमध्ये २८ उरलेली असेल. परतीचा प्रवास तुम्ही पाच पीएसआय कमी हवेवर, पुन्हा १२०च्या वेगाने, पुन्हा मेच्या उन्हात करणार. तापलेल्या टायरमधून हवा कधीही सोडू नका. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

मग किती भरायची? आकडा गाडीवरच लिहिलेला असतो. चालकाच्या बाजूचं दार उघडल्यावर खांबावर, किंवा पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर असतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांना तो झाकणातच सापडतो. त्यावर आकडा कधी पीएसआयमध्ये असतो, कधी बारमध्ये, कधी केपीएमध्ये. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय आणि १०० केपीए. स्टिकरवर २.३ बार किंवा २३० केपीए असेल तर ते साधारण ३३ पीएसआय होतात. टायरच्या बाजूवरचा ५१ हा आकडा पाहून हवा भरणारेही भेटतात. तो भरायचा आकडा नाही, ती टायरची मर्यादा आहे.

स्टिकर नीट वाचायला दोन मिनिटं द्या, कारण वेगवान गाडीच्या स्टिकरवर एकच आकडा क्वचित असतो. दोन माणसं आणि हलकं सामान असताना एक आकडा, गाडी भरलेली असताना दुसरा. काही गाड्यांवर आरामासाठी आणि जास्त वेगासाठी वेगळे आकडे असतात. लग्नाला किंवा शेगावला चौघं बसून, डिकी गच्च भरून निघालात तर भरलेल्या गाडीचाच आकडा लागू होतो. बहुतेक लोक तो वाचतच नाहीत आणि वर्षभर एकाच दाबावर गाडी चालवतात. समृद्धीवर निघताना, गाडीत दोघंच असले तरी, मी भरलेल्या गाडीचा किंवा निदान त्याच्या जवळचा आकडा धरायला सांगेन. सलग वेगाच्या प्रवासात दोन-तीन पीएसआय जास्त असण्याने फारसं बिघडत नाही. दोन-तीन कमी असण्याने बिघडतं.

पुढचे आणि मागचे आकडे वेगळे असतील तर ते वेगळेच ठेवा. दुकानात सवयीने "चारही ३५" होतात, तेव्हा तिथे उभं राहून सांगावं लागतं. पोर्शे ९११चं इंजिन मागे असतं, म्हणून तिच्या मागच्या टायरना पुढच्यांपेक्षा जास्त दाब लागतो. पुढे इंजिन असलेल्या गाडीचं गणित वेगळं. हा फरक वजनापुरता नसतो, वळणावर गाडी कशी वागेल हे त्यावर ठरतं. पुढची हवा कमी असेल तर स्टिअरिंग फिरवूनही नाक वळणाबाहेर जातं. मागची कमी असेल तर शेपूट सुटते, आणि मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाडीत ती सुटायला ओल्या रस्त्यावरचा एक जोरात दिलेला एक्सलेटर पुरतो. काही गाड्यांना मागे रुंद आणि पुढे अरुंद टायर असतात. ते पुढेमागे बदलता येत नाहीत, हेही दुकानदाराला आधीच सांगून ठेवा.

हवा मोजायची ती सकाळी, गाडी हलवण्याआधी. रात्रभर उभी असलेली, ऊन न लागलेली गाडी म्हणजे थंड टायर. दारात उभी असलेली गाडी एका बाजूने उन्हात तापली असेल तर त्या बाजूचे दोन टायर दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतील, दुसऱ्या बाजूचे नाहीत. अशा वेळी चारही सारखे करायला गेलात की घोळ होतो. चांगला गेज स्वतःचा असावा. व्हॉल्व्हचं टोपण काढा, गेज सरळ आणि घट्ट दाबा, सुरुवातीचा फुस्स आवाज बंद झाला की आकडा वाचा, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा लावा. दोन्ही वेळा एकच आकडा आला पाहिजे. टोपण परत लावायला विसरू नका. आपल्याकडची काळी धूळ आणि पावसातला चिखल व्हॉल्व्हमध्ये गेला की तिथूनच हवा झिरपू लागते.

अडचण अशी की घरी मोजता येतं, पण हवा पंपावरच असते आणि पंपापर्यंत जाईतो टायर गरम होतो. याला एक सोपी युक्ती आहे. समजा घरी सकाळी मोजल्यावर २९ दिसली आणि हवी ३३. म्हणजे चार कमी. पंपावर पोहोचल्यावर तिथल्या मशीनवर जो आकडा दिसेल त्यात चार मिळवा. ३२ दिसले तर ३६ भरून घ्या. टायर किती तापला आणि मशीन खरं दाखवतं की नाही, हे दोन्ही प्रश्न त्यातून बाजूला पडतात. फक्त घरी प्रत्येक चाकाची तूट कागदावर लिहून न्या, कारण ती चारही चाकांची सारखी नसते. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, त्यासाठी पेट्रोल भरलंच पाहिजे असं नाही. आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर घेतलात तर पंपावर जाण्याचीही गरज उरत नाही. इतक्या किमतीच्या गाडीसोबत तो असायलाच हवा असं माझं मत आहे.

आपल्या जिल्ह्यात हिवाळ्याकडे लक्ष देणं उन्हाळ्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि तिकडे कोणी पाहत नाही. मेच्या पहाटे ३३ भरलेला टायर, एक थेंब हवा न गळता, डिसेंबरच्या १२ अंशांच्या पहाटे साधारण साडेतीस दाखवतो. प्रत्येक दहा अंशांना साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. त्यात महिन्याला एक-दोन पीएसआय हवा कोणत्याही टायरमधून आपसूक कमी होते ती वेगळीच. म्हणून दिवाळीनंतर थंडी पडली की पुन्हा मोजा, आणि एरवीही महिन्यातून एकदा, लांबच्या प्रवासाआधी तर नक्कीच.

नायट्रोजन भरला की ही काळजी मिटते असं सांगितलं जातं. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि तापल्यावर तोही तसाच फुगतो. त्याचा फायदा इतकाच की तो कोरडा असतो आणि थोडा सावकाश गळतो. मिळत असेल तर भरा, पण रस्त्यात हवा कमी दिसली तर नायट्रोजनच्या टायरमध्ये साधी हवा बिनदिक्कत भरा. नायट्रोजन मिळेपर्यंत कमी दाबावर पन्नास किलोमीटर जाणं हे फार वाईट.

पावसाळ्याचा भाग वेगळा आहे. टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो, आणि साचलेल्या पाण्यावर वेगात गेलं की पाणी त्या जागेखाली शिरून टायर उचलू पाहतं. मग स्टिअरिंग हलकं लागतं आणि ब्रेक दाबून काही होत नाही. अमेरिकेच्या नासा संस्थेत विमानांच्या टायरवर १९६०च्या दशकात झालेल्या कामातून एक ढोबळ सूत्र निघालं. नक्षी निरुपयोगी ठरेल इतकं पाणी साचलेलं असताना टायर कोणत्या वेगाला तरंगू लागेल, हे त्याच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. त्या हिशेबाने ३३ पीएसआयचा टायर ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास तरंगू लागतो, २५चा ८३लाच. कारच्या टायरला हे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत, पण कल काय आहे ते कळतं. कमी हवेचा टायर पाण्यात आधी सुटतो. रुंद टायर तर अरुंद टायरपेक्षाही लवकर सुटतो, म्हणून स्पोर्ट्स कारवाल्यांनी आषाढ-श्रावणात पांढरकवडा-पाटणबोरीकडच्या राष्ट्रीय महामार्गावर दाबही पूर्ण ठेवावा आणि वेगही उतरवावा. १.६ मिलिमीटर ही नक्षीच्या खोलीची कायद्याची शेवटची रेघ आहे. रुंद टायरवर पावसात त्या रेघेपर्यंत जाऊ नका.

वणीकडचा रस्ता मात्र वेगळा त्रास देतो. कोळशाच्या ट्रकांनी दबलेले पट्टे, कडेला तुटलेलं डांबर, मध्येच खड्डे. बुटका टायर असलेली गाडी तिथे दणके देते आणि माणसाला वाटतं, चार पीएसआय काढले तर बसायला बरं. ४० किंवा ३५च्या मापाच्या (रुंदीच्या तेवढे टक्के उंचीच्या) टायरमध्ये रिम आणि खड्डा यांच्यामध्ये रबराची उंचीच मुळात थोडी असते. हवा कमी केलीत की खड्ड्याची धार थेट रिमवर बसते, मधलं कापड चिमटून तुटतं आणि चार दिवसांनी टायरच्या बाजूला फुगा दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो काढूनच टाकावा लागतो. अशा रस्त्यावर हवा कमी करण्याऐवजी वेग कमी करा. तसंच जास्त हवा भरून रिम वाचवू म्हणणंही बरोबर नाही. स्टिकरपेक्षा तीनच्या वर गेलात की टायर मधोमधच टेकतो, खडबडीत रस्त्यावर गाडी उड्या घेते आणि ब्रेकला जास्त अंतर लागतं.

ज्यांनी कंपनीचे रिम काढून मोठे बसवले आहेत त्यांच्यासाठी स्टिकर पूर्ण खरा राहत नाही. हे गॅरेजमध्ये सहसा कोणी सांगत नाही. समजा गाडीला २०५/५५ आर १६, ९१ व्ही टायर होते आणि तुम्ही २२५/४० आर १८, ९२ डब्ल्यू एक्सएल घातले. ९१ म्हणजे एका टायरची ताकद ६१५ किलो, ९२ म्हणजे ६३०. वाटतं, ताकद वाढली. पण साधा टायर ती पूर्ण ताकद साधारण २.५ बारला दाखवतो आणि एक्सएल, म्हणजे जास्त भाराचा टायर, २.९ बारला. त्यामुळे जुन्या ३३ पीएसआयवर नवा टायर जुन्यापेक्षा कमी वजन पेलतो. तेवढंच वजन पेलायला त्याला सुमारे ३७ लागतात. टायर घेताना विक्रेत्याकडून त्या मापाचा, तुमच्या गाडीच्या वजनाला लागणारा दाब लिहून घ्या. शेवटच्या अक्षराकडेही पाहा. व्ही म्हणजे ताशी २४०, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००पर्यंतचा वेग पेलणारा टायर. कंपनीने दिलेल्या अक्षराच्या खाली उतरू नका. आपल्याला १२०च्या वर जायचंच नाही, तरीही नाही, कारण वरच्या अक्षराचा टायर उष्णताही जास्त सोसतो.

शर्यतीच्या ट्रॅकवर लोक कमी हवेने सुरुवात करतात हे ऐकून काही तरुण रस्त्यावरही तसं करतात. ट्रॅकवर प्रत्येक वळणाला टायर इतका तापतो की काही फेऱ्यांतच दाब हव्या त्या आकड्यावर येतो, आणि दर काही फेऱ्यांनी चालक आत येऊन तो मोजतो. समृद्धीवर ना ती वळणं आहेत ना मोजणारा माणूस. तो हिशेब ट्रॅकवरच ठेवा.

डॅशबोर्डवर हवेचा दिवा असेल तर त्यावर सगळं सोडू नका. बऱ्याच गाड्यांत तो दाब वीस-पंचवीस टक्के उतरल्यावर लागतो. ३३चे २५ होईपर्यंत तो गप्प असू शकतो. ज्या गाड्यांत प्रत्येक चाकाचा आकडा पडद्यावर दिसतो त्यांत तो रोज सकाळी पाहायची सवय लावा. काही गाड्यांत मात्र सेन्सर चाकांच्या फिरण्यावरून अंदाज बांधतो. त्यांत हवा भरल्यावर सिस्टीम रीसेट करावी लागते, नाहीतर चुकीचा दाबच ती बरोबर धरून बसते.

स्टेपनीची गोष्टही बघून ठेवा. हवेची सूचना देणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर ट्यूबलेस टायरच्या कारला स्टेपनीशिवाय विकायला २०२०पासून परवानगी आहे, त्यामुळे कित्येक वेगवान गाड्यांत स्टेपनी नसतेच. असलीच तर बारीक, सायकलच्या चाकासारखी दिसणारी असते, तिला पुष्कळदा ६० पीएसआय लागतात आणि तिच्यावर ताशी ८०च्या वर जायचं नसतं. डिकीतल्या किटमधल्या द्रवाची मुदत संपते, ती तारीख पाहा. रनफ्लॅट टायर असतील तर हवा गेलेली डोळ्यांना कळत नाही. साधारण ८० किलोमीटर, तेही ८०च्या आतल्या वेगाने, एवढीच त्यांची साथ असते. करंजीच्या पुढे रात्री ते अंतर संपलं तर तुमच्या मापाचा टायर जवळपास मिळेल याची खात्री नाही.

आणि टायरचं वय. अशा गाड्या आपल्याकडे महिनोन्महिने कव्हरखाली उभ्या असतात. नक्षी नवीकोरी दिसते, पण रबर आतून वाळत जातं. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच-सहा वर्षं झाली असतील तर टायर दरवर्षी जाणकाराला दाखवा आणि बाजूच्या भिंतीवर, नक्षीच्या खाचांत बारीक चिरा पाहा. चिरा असतील तर कितीही हवा भरून उपयोग नाही, त्या टायरवर समृद्धीला चढू नका. नवे घेताना दुकानातच तो चार आकड्यांचा शिक्का वाचा आणि चारही टायरचा वाचा. एक टायर नव्या मालातला आणि तीन जुन्या मालातले आलेले असू शकतात, आणि गाडीवर चढल्यावर ते परत घ्यायला कोणी तयार होत नाही.